हातचा एक

फोटो अक्काच्या लग्नातला लावला,
कारण त्याच दिवशी मी धड दाढी केली होती.
बाकीचे कापत गेलो:
आधी मामा, मग दोन्ही मावश्या,
केळीच्या खांबांची कमान,
शेवटी खुद्द नवरी.
तिचा हात मात्र राहिला, माझ्या खांद्यावर.
बोटांवर मेंदी, मनगटाशी दोन बांगड्या
आणि त्यापुढे काही नाही.

मातृभाषा? तमिळ.
राहणार? स्कारबरो.
मूळ गाव? रकाना रिकामा ठेवला तर
अ‍ॅप पुढेच सरकेना,
म्हणून चावकच्चेरी लिहिलं. मी ते पाहिलेलं नाही.
आहार, धर्म, उंची.
घरच्यांना माहीत आहे?
हो. नाही. विचारू नका.
मी तिसऱ्यावर बोट ठेवलं
आणि हा तिसरा पर्याय
कुणाला सुचला असेल, याचाच
बराच वेळ विचार करत बसलो.

ऐंशी किलोमीटरच्या वर्तुळात
आम्ही एकवीस जण.
एकाला मान आहे, डोकं नाही.
एकाच्या जागी मावळता सूर्य,
एकाच्या जागी गाडी, तीही भावाची असावी.
एक तर माझा दातांचा डॉक्टर.
त्यानंही मला पाहिलं असणार.
मार्चमध्ये म्हणाला, आ करा.
मी छताकडे पाहिलं,
त्यानं दाढेकडे.

मग एका मंगळवारी, औषधांच्या गोदामात
रात्रपाळीला, इन्सुलिनचे खोके मोजताना
मेसेज आला. त्यात हाय नव्हतं,
फोटो पाठव नव्हतं.
नुसतं: तो हात कुणाचा?

कीरन रामसरूप. मातृभाषा: इतर.
त्याच्या खापरपणज्याला
कलकत्त्याहून बोटीत घातलं होतं, गयानाला, ऊस तोडायला.
कारकुनाला जसं ऐकू आलं
तसं नाव लागलं, तेच चालू आहे.
'लोक विचारतात, तू नक्की आपल्यातला ना?
काय सांगू?
आजी ज्या भाषेत शिव्या देते
ती तुमच्या यादीत नाही.'

लॉरेन्स अव्हेन्यूवर भेटलो,
बर्फाचा काळा चिखल तुडवत.
तो लिहिल्यापेक्षा दोन इंच बुटका निघाला.
मीही.
कोत्तूच्या तव्यावर पाती खणखणत होती,
त्यामुळे प्रत्येक वाक्य दोनदा म्हणावं लागे,
आणि काही वाक्यं दोनदा म्हणण्यासारखी नसतात.
मालक माझ्या अप्पांना ओळखतो.
त्यानं पाणी आणलं, विचारलं, मित्र का?
हो म्हणालो. खोटं नव्हतं,
पण घशाशी अडकलं.

कीरननं फोन माझ्याकडे वळवला,
दोन बोटांनी खांदा मोठा केला.
'अगोदर वाटलं, बायकोचा.
मग नीट पाहिलं. हा ठेवलेला हात नाही.
शर्ट मुठीत आहे बघ.'

घरी येऊन मूळ फोटो उघडला.
एकोणीस माणसं, सगळी समोर बघताहेत.
एकटा मी अर्धा बाहेर,
एक पाय कडेच्या पलीकडे
आणि अक्का, हार सांभाळत, हसू न सोडता,
माझा रेशमी शर्ट चुरगाळून
मला आत ओढते आहे.
आठ वर्षं हा फोटो दिवाणखान्यात टांगलेला आहे.
अम्मा त्यावरची धूळ पुसते.

शाळेत बेरजा शिकवताना तीच म्हणायची,
हातचा विसरलास
की खालचं सगळं चुकतं.
मी तो डोक्यावर इतका बारीक लिहायचो
की मलाच दिसायचा नाही.

पहाटेचे पावणेतीन. तिचं तान्हं बाळ
तिला याच सुमारास उठवतं.
लिहिलं: अक्का, जागी आहेस?
खोडलं. पुन्हा लिहिलं.

पाठवलं.

तिकडे तीन ठिपके हलू लागले,
थांबले,
हलू लागले.